आधी फट बुजवा, मग बास वाढवा

सिल्वासाचे नाव आपल्या भागात दोन कारणांनी निघते. वडीलधारी मंडळी १९५४ सालचा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम आठवतात. संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात स्वतः उतरले होते, लता मंगेशकरांनी निधीसाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले. तरुण मंडळींच्या तोंडी हे नाव येते ते 'तिकडे नोकरी लगेच मिळते' या वाक्यात. मसाट, पिपरिया, रखोली, सायली या भागांत प्लास्टिकचे आणि पॉलिस्टर धाग्याचे कारखाने आहेत. वापी स्टेशनवर उतरायचे, रिक्षा धरायची आणि दमणगंगेच्या काठच्या या गावात दाखल व्हायचे. बेळगावहून मीही तसाच आलो आणि इथलाच झालो.

माझे काम यंत्रांच्या देखभालीचे. घरात मी मराठी, सौ. धारवाडची म्हणून तिचे कन्नड, मुले दोन्ही बोलतात आणि गल्लीत गुजराती-हिंदी. सौ.मुळे आमच्या इमारतीतली कन्नड बोलणारी पोरे तिला 'अक्का' म्हणत घरात येतात आणि मला 'काका' म्हणत दुरुस्तीची कामे आणतात. पूर्वी मिक्सर आणि पंखे यायचे. गेल्या काही वर्षांत येतो तो हेडफोन. तक्रार एकच : "काका, बास नाही. काहीतरी करून बास वाढवून द्या."

हे 'काहीतरी' काय असते, त्यातले घरी काय करता येते, काय करू नये आणि त्याचा आपल्या मुलांच्या कानांशी काय संबंध आहे, ते आज सांगतो. कारण हेडफोन आता प्रत्येक घरात आहे. कुणी त्यावर गाणी ऐकतो, कुणी गेम खेळतो, कुणी ऑनलाइन शिकवणीला बसतो.

बास कुठे जातो?

आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातले खालचे, २०० ते २५० हर्ट्झपर्यंतचे आवाज म्हणजे ढोबळमानाने बास. तबलजीचा डग्गा, धारवाडकडच्या डोळ्ळू कुणितातला मोठा ढोल, तंबोऱ्याची खर्जाची तार, गेममधला स्फोट, ही सगळी खालच्या घरातली मंडळी.

हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो. मोठ्या हेडफोनमध्ये तो बहुधा ४० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुष्कळदा पॉलिस्टरच्याच फिल्मचा असतो. म्हणजे आमच्या सिल्वासात ज्याचा धागा निघतो, त्याच जातीच्या मालाचा. पडद्यामागे तारेचे छोटे वेटोळे आणि चुंबक. विजेचा प्रवाह बदलला की वेटोळे मागेपुढे होते, पडदा हलतो आणि हवा ढकलली जाते.

आता गंमत अशी की तीक्ष्ण, वरचा सूर ही ढकललेली हवा सहज पोचवते. बासचे तसे नाही. बाससाठी पडदा सावकाश पुढे-मागे होतो, आणि कान व पडदा यांच्यामधल्या इवल्याशा जागेतल्या हवेचा दाब तेवढा वेळ टिकावा लागतो. सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की दांडा कितीही दाबला तरी हवा बाजूने निसटते आणि ट्यूब भरत नाही. हेडफोनचे कुशन कानाभोवती नीट बसले नाही की तेच होते. पडदा दाबतो, हवा फटीतून निघून जाते. वरचे सूर तसेच राहतात, बास तेवढा गळतो. आवाज पत्र्यावर वाजवल्यासारखा येऊ लागतो, आणि मालकाला वाटते की हेडफोनच हलक्या प्रतीचा आहे.

माझ्याकडे 'बास नाही' म्हणून जे हेडफोन येतात, त्यांपैकी बहुतेकांचा रोग हाच असतो. पडदा ठणठणीत असतो. फट पडलेली असते.

तारप्याचे मेण

हे शास्त्र परदेशातून आले असे कुणी समजू नये. सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांतून वारली मंडळींचा तारपा वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभल्या आणि खाली ताडाच्या पानांचा लांब कर्णा. हे सगळे जोड मधमाश्यांच्या मेणाने बंद केलेले असतात. मेण तडकले आणि भोपळ्याच्या तोंडाशी हवा निसटू लागली की वाजवणारा कितीही जोराने फुंको, सूर भरत नाही. मग तो थांबतो, मेण ऊब देऊन मऊ करतो, जोडावर बोटाने दाबतो आणि पुन्हा सुरू करतो. फुंकर वाढवण्याआधी तो गळती बघतो.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर मिरजेचे घ्या. तिथल्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे भोपळ्याचा आकार आणि लाकडाची जाडी यांवर कारागीर किती वेळ घालवतो ते पाहावे. घोडीवर, तारेखाली सरकवलेला सुताचा एक धागा केसभर हलला की जवारी उघडते किंवा मिटते. त्यात तार बदलत नाही की हाताचा जोर वाढत नाही. मोठा फरक लहान जागी असतो, हे किराणा घराण्याचे गाणे ऐकत वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

फुकटची परीक्षा

तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी ही परीक्षा करा. डग्गा किंवा बास गिटार स्पष्ट असलेले एखादे गाणे बेताच्या आवाजात लावा. दोन्ही तळहातांनी वाट्या कानांवर हलकेच दाबा. दाबताच बास एकदम भरून आला आणि सोडताच पळाला, तर तुमच्या हेडफोनला गळती आहे. फरक पडला नाही, तर कुशन ठीक आहे आणि कारण दुसरीकडे शोधायचे.

गळतीची नेहमीची ठिकाणे पुढीलप्रमाणे :

कुशन सोलले आहे का? वरचे कातड्यासारखे आवरण घामाने सुटते. आपल्याकडच्या दमट हवेत ते आणखी लवकर सुटते. काळ्या टिकल्या कानाला चिकटू लागल्या की समजावे. आतला फोम बसला असेल तर कान थेट जाळीला टेकतो आणि कडेने फट राहते.

चष्मा आहे का? चष्म्याची काडी कुशनखालून जाते आणि दोन्ही बाजूंना बोगदा तयार होतो. माझ्या मुलीची तक्रार हीच होती. जाड काडीचा चष्मा काढून बारीक धातूच्या काडीचा घातला आणि तोच हेडफोन तिला नवा वाटू लागला. केसांची जाड बट किंवा कानावरून घेतलेली ओढणीही असाच बोगदा करते.

डोक्यावरची पट्टी सैल पडली आहे का? पट्टी फाकली की वाट्या कानाला धरत नाहीत. रात्री हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवण्याची सवय पोरांना असते, त्याने पट्टी लवकर फाकते.

कानात घालायचे लहान इअरफोन असतील तर रबरी टोपीचे माप बघा. डब्यात सहसा तीन मापे येतात आणि बहुतेक जण मधले माप घालून बाकीची फेकून देतात. कुणाकुणाच्या डाव्या-उजव्या कानाचे मापही वेगळे असते. दोन्ही कानांना वेगळ्या मापाची टोपी लावायला कुणाची बंदी नाही.

कुशन बदलताना

नवीन कुशन काही शे रुपयांत मिळते. जुने कुशन सोलून निघते किंवा खाचेतून ओढून काढता येते. माप घेताना बाहेरची लांबी-रुंदी घ्या आणि आतल्या भोकाचेही माप घ्या. कान भोकाच्या आत पूर्ण बसला पाहिजे.

कातड्यासारखे गुळगुळीत आवरण हवा धरून ठेवते, म्हणून बास भरतो. मखमली किंवा जाळीचे कापड उन्हाळ्यात कानाला सुखाचे, पण त्यातून हवा झिरपते आणि बहुधा बास थोडा उतरतो. कुशन फार जाड घेतले तर पडदा कानापासून दूर जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. जुन्या कुशनची जाडी नवी असताना होती तेवढीच ठेवणे उत्तम.

यानंतरही बास कमी वाटला तर फोनमधला किंवा संगणकातला इक्वलायझर वापरा. हाही फेरबदलच, फक्त स्क्रू न उघडता केलेला. १०० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्या तीन-चार डेसिबल वर न्या. मात्र एक लक्षात ठेवा. बास ६ डेसिबलने वाढवला की त्या सुरांसाठी चौपट वीजशक्ती लागते. फोनची ताकद संपली की आवाज फाटतो. म्हणून जेवढा बास वर, तेवढीच एकूण पातळी खाली. 'प्रीॲम्प' नावाची पट्टी असेल तर ती तेवढ्याच डेसिबलने उतरवावी. बास वर चढवण्याऐवजी बाकीचे खाली बसवले, असे समजा.

बास आवडणे म्हणजे कानाची अभिरुची बिघडली, असेही नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांच्या श्रवण-चाचण्या घेतल्या. खालच्या सुरांत काही डेसिबल जादा असलेला हेडफोनच बहुसंख्यांना पसंत पडला. तेव्हा पोरांना 'हे काय ढुम्म ढुम्म' म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

वाटी उघडायचीच असेल तर

ज्यांना हाताला काम हवे त्यांच्यासाठी हे. जगभर हौशी लोक साध्या हेडफोनवर असे प्रयोग करतात. जपानच्या फोस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी हा हेडफोन तर अशा फेरबदलांसाठीच प्रसिद्ध आहे. आपण जुन्या, वॉरंटी संपलेल्या, वायरच्या हेडफोनवर हात बसवावा.

कुशन काढल्यावर खाली तीन-चार बारीक स्क्रू दिसतात. वाटी उघडताना ओढू नका. आतली तार केसाएवढी असते. पडद्याला बोट लावायचे नाही. टेबलावर लोखंडाचा कीस नसावा, चुंबक तो ओढून घेतो आणि मग कायमची करकर लागते. झटपट चिकटणारा गोंद पडद्याजवळ वापरू नये.

वाटीच्या मागच्या पोकळीत रजईत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस चिमूटभर पसरवा. सिल्वासात तो मागाल त्या गल्लीत मिळतो. याने बासचे प्रमाण फारसे वाढत नाही, पण वाटीच्या भिंतींवरून परतणारे आवाज कापूस शोषतो आणि घुमणारा, डब्यात बोलल्यासारखा बास मोकळा व स्वच्छ होतो. भरपूर कोंबला तर मात्र आवाज निर्जीव होतो. उशी भरतो तसा भरायचा नाही.

पडद्याच्या मागे किंवा वाटीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतील, त्यांवर कधी पातळ कागद किंवा जाळी असते. ही भोके चुकून राहिलेली नसतात. पडद्यामागच्या हवेला किती मोकळीक द्यायची, हे बनवणाऱ्याने त्यांतून ठरवलेले असते. दवाखान्यात पट्टी बांधताना वापरतात ती कागदी चिकटपट्टी अर्ध्या भोकांवर लावून ऐकता येते. काही हेडफोनांत बास आवरतो, काहींत भरतो. त्या त्या बनावटीवर ते अवलंबून आहे. म्हणूनच पट्टी लावायची, नवीन भोके पाडायची नाहीत. पट्टी काढता येते, भोक बुजवता येत नाही.

प्रयोगाची शिस्त एकच. आधी एकाच बाजूची वाटी बदला आणि डावी-उजवी तुलना करून ऐका. पसंत पडले तर दुसरी बदला. आणि एका वेळी एकच बदल. आमटीत मीठ, चिंच आणि तिखट एकदम वाढवले तर बिघडले कशाने ते कळत नाही.

ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. तिच्याजवळ कातर, सोल्डरिंग किंवा टोकदार हत्यार नेऊ नये. बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या हेडफोनला बाहेरून माइकची भोके असतात, तीही झाकू नयेत. अशा हेडफोनांचे कुशन बदला आणि इक्वलायझर वापरा, त्यापुढे जाऊ नका.

डॉल्बीची सवय

आता मुख्य गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर विजापूरकडचा एक मुलगा राहतो. वय २३. धाग्याच्या कारखान्यात पाळीवर असतो. यंत्रांच्या आवाजात आठ तास, मग खोलीवर येऊन हेडफोन लावून दोन-तीन तास गेम आणि गाणी. त्याची तक्रारही तीच : बास नाही. फोनच्या आवाजाच्या पायऱ्या १५ आणि त्याचा काटा कायम १५ वर.

त्याला विचारले, कसला बास हवा रे तुला? म्हणाला, "काका, गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहिल्यावर छातीत धडधडतं ना, तसला."

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर, सगळीकडे आपली पोरे 'डॉल्बी' म्हणतात ती मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. तिचा बास अंगाला जाणवतो. छाती, पोट, खिडकीच्या काचा, सगळे हलते. हेडफोनचा ४० मिलिमीटरचा पडदा फक्त कानाच्या पोकळीतली हवा हलवतो. तो छाती हलवू शकणार नाही, कितीही किंमत मोजा. छातीतला बास कानात शोधायला गेले की माणूस आवाज वाढवत सुटतो आणि तरीही समाधान होत नाही.

त्यात त्याच्या हेडफोनचे कुशन पार सोललेले. म्हणजे बास गळत होता आणि तो भरून काढायला तो आवाज वाढवत होता. पण आवाजाचा काटा वर नेला की एकटा बास वाढत नाही. सोबत झांजा, किंचाळणारे सिंथेसायझर, गोळ्यांचे आवाज, सगळे त्याच प्रमाणात चढते. गळती फक्त बासची, भरपाई मात्र सगळ्या सुरांची. आणि त्या भरपाईचे बिल कानाच्या नावावर फाडले जाते.

मी त्याला उपदेश केला नाही. कुशन नवे बसवले, चिमूटभर कापूस घातला, इक्वलायझरमध्ये खालच्या दोन पट्ट्या तीन डेसिबल वर आणि एकूण पातळी तीन डेसिबल खाली. त्याच्या आवडीचे गाणे लावून हेडफोन डोक्यावर ठेवला. काटा त्याच्याच हातात दिला. तो १५ वरून निघाला, १२ वर थांबला, मग १० वर आला. "आता जास्त होतंय," असे स्वतःच म्हणाला. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले, "साकु?" तो म्हणाला, "साकु, अक्का." पुरे. गेल्या कित्येक महिन्यांत हेडफोनच्या बाबतीत त्याच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता.

कानाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने आवाजाचा आठवड्याचा हिशेब मांडला आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालतो. ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. १०० डेसिबलला आठवड्यात अवघी २० मिनिटे. दर ३ डेसिबलला कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक लोकांना असल्या ऐकण्याने बहिरेपणाचा धोका आहे, असे ही संघटना सांगते. २०१९ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत फोन आणि हेडफोनसाठी सुरक्षित ऐकण्याचे मानकही काढले. अनेक फोनांत आता आठवड्याच्या आवाजाची नोंद आणि मर्यादेची सोय असते, ती सेटिंगमध्ये शोधून चालू करावी.

आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते. म्हणजे पाळी करून आलेल्या मुलाच्या कानाची आठवड्याची शिल्लक त्या मानाने आधीच संपलेली असू शकते. कारखान्यात कानात बोंडे घालायची आणि घरी येऊन हेडफोन पूर्ण आवाजात लावायचा, हे दिवसभर बचत करून संध्याकाळी उधळण्यासारखे आहे.

आतल्या कानात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे १५-१६ हजार. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात होते. बास शेवटपर्यंत ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटते की कान शाबूत आहे. माझे स्वतःचे सांगतो. इतकी वर्षे यंत्रांजवळ काढल्यावर माझ्या श्रवण-तपासणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा आहे. डग्गा मला झकास ऐकू येतो. पण बाजारात भाजीवाला 'सात' म्हणाला की 'साठ', ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावे लागते. फोनवर सासूबाई कन्नडमधून भरभर बोलू लागल्या की स, श, त, क अशी व्यंजने गळतात आणि नुसती गुणगुण उरते. दोन भाषांच्या घरात हे जास्त बोचते. आपल्या भाषेत राहिलेली जागा अंदाजाने भरता येते. दुसऱ्या भाषेत तो अंदाज अडखळतो.

म्हणून त्या मुलाला कान तपासायला पाठवले. कार्यक्रमानंतर किंवा हेडफोन काढल्यावर कानात गुंई वाजत राहिली, समोरच्याला दोनदा विचारावे लागले, किंवा टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. दुखत नाही, वेळ थोडा लागतो.

गेम खेळणाऱ्यांसाठी

आमच्या चिरंजीवांना मी कानाची भीती घातली असती तर त्यांनी मान हलवून तेच केले असते. मी वेगळे सांगितले. खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजांना झाकतो, आणि आवाज जितका मोठा तितके हे झाकणे वाढते. गेममध्ये शत्रूच्या पावलांची खसखस, बंदुकीत गोळी भरल्याचा टक असा आवाज, दाराची करकर, हे सगळे बारीक आवाज. स्फोटाचा बास चढवून ठेवला की तेच बुडतात. म्हणजे छाती धडधडेल आणि मागून आलेला गडी दिसण्याआधी डाव संपेल. खेळाला बास थोडा उतरवलेला आणि गाण्याला थोडा चढवलेला, अशा इक्वलायझरच्या दोन मांडण्या त्याने करून ठेवल्या आहेत. शिवाय गेमला वायरचा हेडफोन, कारण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो.

आणि जुन्या गाण्यांबद्दल एक शब्द. दादरा-नगर हवेलीच्या लढ्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, सुधीर फडक्यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्या काळच्या जुन्या मुद्रिका ऐकताना कुणी 'बास नाही' म्हणून पट्टी वर नेली तर घरघर तेवढी वाढेल. जे मुद्रणातच नाही ते हेडफोन कुठून आणणार? तिथे बाबूजींचा शब्द ऐकावा. एकेक व्यंजन टाकेबंद ऐकू येते, आणि ते ऐकायला ४,००० हर्ट्झपाशीचा कान लागतो.

घरात पाळायचे चार नियम

आवाजाची पातळी शांत खोलीत ठरवा. बाहेर गोंगाट वाढला म्हणून काटा वर नेऊ नका, गोंगाटातून बाजूला व्हा.

साधा हेडफोन असेल तर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचे नेहमीच्या आवाजातले बोलणे आपल्याला कळले पाहिजे. कळत नसेल तर काटा खाली.

तासाभराने हेडफोन काढून दहा मिनिटे कान मोकळे ठेवा.

महिन्यातून एकदा कुशन ओलसर फडक्याने पुसा, सोलले आहे का ते बघा आणि तळहाताची परीक्षा करा.

या रविवारी घरातले सगळे हेडफोन एका ताटात गोळा करा आणि एकेक करून दाबून बघा. ज्याचा बास दाबल्यावर येतो त्याच्या कुशनचे माप कागदावर लिहून घ्या. नवा हेडफोन घ्यायचा विचार त्यानंतर करावा. बहुधा करावा लागत नाही.